फुकट्याच्या डब्यातली चार पाकिटं

मला कुणी चांगली बाई समजू नये म्हणून आधीच सांगून टाकते, मास्तर मला आवडत नव्हते. आवडत नव्हते म्हणजे चक्क डोक्यात जायचे. अकरा वर्षं दर महिन्याला त्यांची दोन-तीन पाकिटं यायची. खाकी कागदाची नीट घडी आणि वर त्या वळणदार अक्षरात माझा हुद्दा. शाळेत चित्रकला शिकवायचे ते. निवृत्त झाल्यावर बाकी म्हातारे बाकावर बसून जगाला नावं ठेवतात. हे मात्र भिंग गळ्यात अडकवून रानात हिंडायला लागले. माझं नशीब, दुसरं काय.

मी संग्रहाची प्रमुख. आमच्या कार्यालयात रानटी वनस्पती, बुरश्या आणि शैवाकं वाळवून, चिकटवून, लेबल लावून ठेवतात. शैवाक म्हणजे दगडावर, झाडाच्या सालीवर करडे पापुद्रे धरलेले दिसतात ना, लोक ज्याला दगडफूल म्हणतात, ते. लांबलचक खोली, लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास. खिडकीशी माझं टेबल, त्यावर चिमटा, सुरी आणि औषधांच्या बाटल्या. समोरच्या टेबलावर चिकट्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण तीस वर्षं नमुने कागदावर चिकटवतोय म्हणून सगळं कार्यालय त्याला चिकट्या म्हणतं, आणि फोन उचलला की तोही तेच नाव सांगतो.

सात वर्षं आम्ही एकाच कामाला जुंपलेले होतो. प्रदेशाची यादी. आपल्या भागात काय उगवतं, कुठे उगवतं, कुणाला सापडलं. ठिकठिकाणचे हौशी लोक नमुने पाठवायचे, मी तपासायचे, माझी सही झाली की नोंद यादीत. सही नाही तर नोंद नाही. बारा-पंधरा जणांचा जीव माझ्या सहीत अडकलेला असायचा, आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता मास्तरांवरचा राग. वर्षातून एकदा हे सगळे हौशी लोक आमच्या सभागृहात जमतात. सहा वर्षांपूर्वी मी तिथे पडद्यावर एका पांढऱ्या अळंबीचा फोटो दाखवला आणि ती निरुपद्रवी आहे असं ठणकावून सांगितलं. मास्तर उभे राहिले. म्हणाले, "बाई, बुडाशी माती खणून बघितली होती का? देठाखाली पिशवी असेल तर ही ती नव्हे. ही विषारी." मी खणून बघितलं नव्हतं. जमिनीलगत सुरीने कापून आणली होती. अळंबी मुळासकट उपटायची, हे आम्ही नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. मागून कुणीतरी ओरडलं, "बाईंच्या घरी जेवायला जायची सोय राहिली नाही!" सगळं सभागृह खो-खो हसलं.

मास्तर तेवढे हसले नाहीत. उलट चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "मनावर घेऊ नका हं बाई, माझ्याही हातून झालं असतं." असं कुणी म्हटलं की माणूस हमखास मनावर घेतो. मी सहा वर्षं मनावर घेऊन बसले होते.

तर पहिलं पाकीट. यादी छापायला जायला आठ महिने राहिले होते. लेबलावर लिहिलं होतं, 'जुन्या खाणीमागे पाण्याच्या टाकीखालचा काळा खडक, उत्तरेची बाजू. पट्टा दोन हात लांब. नखाएवढा तुकडा काढला.' सोबत चिठ्ठी. 'बाई, चाळीस वर्षांत कुणाला न दिसलेला तो हाच असावा अशी शंका आहे. माझे डोळे आता फार दिवसांचे सोबती नाहीत, डॉक्टर वर्ष-दीड वर्ष म्हणतात. अकरा वर्षांत तीनशे पाकिटं पाठवली, सगळी साधीच निघाली. एक ओळ माझ्या नावाची यादीत आली तर फार बरं वाटेल.'

चाळीस वर्षं न दिसलेला म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. आमच्या जुन्या यादीत त्याच्यापुढे 'लुप्त' असा शिक्का आहे. दिसायला अगदी आमच्या फुकट्यासारखा. फुकट्या हे कार्यालयातलं नाव. एक करडा शैवाक आहे, कुठल्याही भिंतीवर, कुठल्याही खांबावर न बोलावता येऊन बसतो, म्हणून फुकट्या. दोघांत फरक ओळखायचा तर एकच उपाय, कपडे पांढरे करायच्या ब्लीचचा थेंब. फुकट्यावर टाकला तर काही होत नाही. त्या दुसऱ्यावर टाकला तर क्षणात लालभडक होतो.

मी थेंब टाकला. काही झालं नाही. बघा, म्हटलं, तीनशे एकावं. मी उत्तर लिहिलं, 'साधा. यादीत नोंद होणार नाही.' पाकीट फुकट्याच्या डब्यात टाकलं. मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

आठवड्याने चिकट्या दुसरा एक नमुना घेऊन आला. हा हमखास लाल होणारा, आम्ही शिकाऊ लोकांना दाखवायला ठेवतो. थेंब टाकला, ढिम्म. पुन्हा टाकला, ढिम्म. चिकट्याने बाटली उचलून नाकाशी धरली. "मॅडम, याला वासच नाही. कधी उघडली होती?" बाटली चार महिने खिडकीत उन्हात पडून होती. ब्लीच उन्हात मरतं. दर आठवड्याला नवी बाटली फोडायची आणि कामाला लागायच्या आधी माहीत असलेल्या नमुन्यावर थेंब टाकून बघायचा, हे मीच फळ्यावर लिहून ठेवलंय. फळा माझ्या पाठीमागे होता, मला कसा दिसणार?

नवी बाटली आणवली. मास्तरांचं पाकीट काढलं. थेंब टेकला न टेकला तोच तुकडा लालभडक झाला. चिकट्या वाकून बघत होता. "अगं बाई!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "मॅडम, हा तोच की हो! मास्तरांना कळवायला पाहिजे."

"बघू," मी म्हणाले.

इथवर जे झालं ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. यापुढे मी जे केलं ती चूक नव्हती. तेवढं मला कळतं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे शिवणयंत्रं दुरुस्त करतात, दिवसभर तेलात हात. म्हणाले, "अगं, एक ओळ लिहायची, माझ्या हातून चूक झाली म्हणून. माझ्या हातून सुई मोडली तर मी सांगतो की गिऱ्हाईकाला."

"तुमच्या सुईवर कुणी सभागृहात हसत नाही," मी म्हणाले.

"मग काय करणार आहेस?"

"काही नाही. गप्प बसणार."

हे हाताचं तेल पुसायला उठले. ते बोलतच नाहीत, हाच तर त्यांचा दोष आहे. मी मनाशी म्हटलं, यादी छापून होऊ दे, मग पुढच्या पुरवणीत सावकाश घेऊ, माझ्या नावाने, माझ्या सवडीने. ज्या माणसाने मला भरसभेत शिकवलं त्यालाच पत्र लिहून माफी मागायची? मी मेले तरी नाही.

पण मास्तर गप्प बसणारे नव्हते. दुसरं पाकीट आलं. 'तुमचंच बरोबर असणार बाई, पण कडांचा रंग जरा वेगळा वाटतो. पुन्हा एकदा बघाल का? नमुना कमी पडला असेल म्हणून या वेळी तळहाताएवढा काढला. दीड हात पट्टा शिल्लक.' मी थेंबसुद्धा टाकला नाही. काय होणार ते मला माहीत होतं. पण नुसतं 'साधा' लिहिलं तर हा माणूस पुन्हा पुन्हा विचारत बसणार. म्हणून लिहिलं, 'नमुना अपुरा. फळं धरलेला भाग हवा. अधिक नमुना पाठवल्यास विचार करता येईल.' फळं म्हणजे शैवाकाच्या अंगावर येणाऱ्या बारीक वाट्या, भिंगाशिवाय दिसत नाहीत. मला वाटलं, कंटाळेल. सत्तरीचा माणूस, खाणीचा चढ चढून, छिन्नी-हातोडा घेऊन किती वेळा जाईल?

पाच आठवड्यांनी तिसरं पाकीट आलं, फुगलेलं. 'फळं नक्की कुठे आहेत ते मला आता नीट दिसत नाही, म्हणून दिसला तेवढा चांगला भाग काढला. एक वीत शिल्लक. काढताना वाईट वाटलं, पण तुमची खात्री होणं महत्त्वाचं.'

एक वीत शिल्लक. हे मी वाचलं. चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात वाचलं. चाळीस वर्षांनी सापडलेली वस्तू त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या छिन्नीखाली वीतभर उरलीय हे मला स्वच्छ कळलं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी फोनकडे बघत बसले. मग त्या सभागृहातलं हसू आठवलं आणि मी कागद ओढला. 'फळं आढळली नाहीत. नमुना अपुरा.'

चिकट्याने ते पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं. "मॅडम," एवढंच म्हणाला.

"काय?"

"टपाल आजच टाकू ना?"

"मग काय मुहूर्त बघायचाय?"

चौथं पाकीट महिन्याभरात आलं. लेबलावरचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं झालेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. 'काही शिल्लक नाही. कडेला दोन ठिपके होते तेही काढले, कारण बाईंना फळं हवी होती. आता तरी होईल ना?' मी त्यावर उत्तरच दिलं नाही. चारही पाकिटं फुकट्याच्या डब्यात एकाखाली एक ठेवली आणि कपाट लावलं.

यादी छापायच्या आधी बाहेरून तज्ज्ञ बोलवायचा नियम आहे. ते आले. बुटके, घामेजलेले, तोंडात सतत लवंग. आले ते स्वतःची ब्लीचची बाटली घेऊन, त्याच सकाळी फोडलेली. आणि दुर्मीळ नमुन्यांकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "तुमचा सगळ्यात साधा डबा कुठला? तो काढा. लोक दुर्मीळ वस्तू दहादा तपासतात, घोळ घालतात तो साध्यात."

सगळ्यात साधा डबा म्हणजे फुकट्याचा. चिकट्याने डबा आणला. तज्ज्ञांनी मधून मधून दहा पाकिटं उपसली, एकेक थेंब टाकत गेले. सात कोरी गेली. आठवं मास्तरांचं चौथं होतं. ते लाल झालं आणि ते गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "अहो, हा जिवंत आहे! कुणी आणलाय हा? चला, आत्ताच्या आत्ता चला!"

मास्तरांना फोन गेला. आम्ही पोचलो तर ते खाणीच्या वाटेवर उभेच होते, धुतलेला सदरा, गळ्यात भिंग, हातात काठी. चेहरा असा फुललेला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "बाई, मी म्हटलं नव्हतं? कडा वेगळ्या होत्या!" तज्ज्ञांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मास्तरांचा हात असा धरत होतं. चढावर दोघं पुढे, गप्पा मारत, मी मागे धापा टाकत.

टाकीखालचा खडक काळाभोर होता. उत्तरेच्या बाजूला दोन हात लांब पांढुरका ओरखडा, छिन्नीच्या खुणा ओळीने, अगदी काळजीपूर्वक केलेल्या. चित्रकलेचे मास्तर ना, कडासुद्धा सरळ ठेवल्या होत्या. तज्ज्ञांनी भिंग लावून तासभर ती कातळभिंत बघितली, मग आजूबाजूचे सगळे खडक. बोटाच्या पेराएवढंही काही सापडलं नाही.

"कुणी केलं हे?" ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"मी," मास्तर म्हणाले. अजून त्यांना अंदाज आला नव्हता.

"सगळा? सगळा खरवडलात? अहो, कशासाठी?"

"बाईंना नमुना हवा होता."

तज्ज्ञ माझ्याकडे वळले. मी तयारच होते, गाडीत बसल्यापासून तयार होते. "मी पुरेसा नमुना मागितला होता. सगळा काढा असं मी कुठल्याही पत्रात लिहिलेलं नाही."

त्यांनी खिशातून चौथं पाकीट काढून लेबल डोळ्यांजवळ धरलं. "पण इथे लिहिलंय, काही शिल्लक नाही म्हणून. वाचलं नाहीत?"

"वाचलं. फुकट्या समजून वाचलं. आधीची तीन पाकिटं फुकट्याचीच होती. दोन्ही मिसळून वाढतात कधी कधी. शेवटच्या ठिपक्यांतच तो निघाला."

मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते त्या खडकाकडे बघत होते, म्हणजे खडक होता त्या दिशेला. मग तज्ज्ञांना म्हणाले, "बाईंना बोल लावू नका. सगळा काढा असं त्यांनी नव्हतं लिहिलं. ते मीच केलं." आणि तिथेच, त्या खडीवर, खाली बसले.

तज्ज्ञ म्हणाले, आधीची तीन पाकिटं मी उद्या सकाळी तपासतो. ते विश्रामगृहावर गेले. मी कार्यालयात आले. दुपारचे चार वाजले होते. सायकल स्टँडमागच्या भिंतीवर फुकट्या भरपूर आहे. सुरीने तीन तुकडे काढले, एक नखाएवढा, एक तळहाताएवढा, एक हातभर. मास्तरांची तीन पाकिटं उघडली, आतला माल बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला. एकतीस वर्षांत मी या खोलीतलं वाळकं पानसुद्धा फेकलं नव्हतं. हे सगळं केलं ते भीतीने. पश्चात्ताप वगैरे मला उगाच चिकटवू नका. पापुद्रे जाळीवर अडकले ते बोटाने खाली ढकलले, आणि भिंतीवरचा फुकट्या पाकिटांत भरला.

मागे वळले तर चिकट्या दारात उभा. हातात डिंकाचा ब्रश.

"मॅडम, ते मास्तरांचे..."

"काय मास्तरांचे?"

त्याने बेसिनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याची निवृत्ती सात महिन्यांवर होती. "काही नाही," तो म्हणाला. "मी फक्त डिंक लावतो."

सकाळी तिन्ही पाकिटं कोरी गेली. तज्ज्ञांनी सुस्कारा टाकला आणि यादीतली ओळ मला लिहायला सांगितली. जाता जाता म्हणाले, "नष्ट होण्याचं कारण लिहा, ते लागेलच. पण म्हाताऱ्याचं नाव नका घालू. त्याने मुद्दाम नाही केलं." मी मान डोलावली. मग ते गेल्यावर नाव घातलं. संग्राहकाचं नाव लिहायचा नियम आहे, आणि नियम मी मोडत नाही. आडनावासकट, पूर्ण.

यादी छापून आली त्याच्या पुढच्या आठवड्यात मास्तर आले. चिकट्या त्यांना दंडाला धरून माझ्या टेबलापर्यंत घेऊन आला आणि लगेच निघून गेला. भिंग गळ्यात नव्हतं. यादीचं जाडजूड पुस्तक छातीशी धरलेलं.

"लेक खाली गाडी लावतेय," ते म्हणाले. "बाई, एक काम होतं. तिला म्हटलं ओळ वाचून दाखव. ती म्हणते, नाव आलंय बाबा तुमचं, छान आलंय. पुढचं वाचतच नाही. रडते आणि पुस्तक मिटते. तुम्ही वाचा."

मला नाही म्हणता आलं असतं. त्यांच्या लेकीने वाचलं तेवढंच मलाही वाचता आलं असतं, त्यांना काय कळणार होतं? मी पान काढलं.

"'चाळीस वर्षांनंतर पुन्हा आढळला. एकमेव ठिकाण, खाणीमागील काळा खडक. संग्राहकाने संपूर्ण पट्टा खरवडून काढल्यामुळे नष्ट. आता लुप्त.' आणि खाली तुमचं नाव."

"नष्ट," मास्तर म्हणाले.

"नष्ट."

"तुम्ही लिहिलंत ना हे? मग बरोबरच असणार." त्यांनी टेबलाची कड चाचपली आणि ती धरून ठेवली. "एक विचारू बाई? रोज झोपायच्या आधी हेच येतं मनात. पहिल्या पाकिटातच तो निघाला असता तर मला बाकीचा काढावाच लागला नसता, नाही का?"

"नसता लागला."

"पण पहिल्यात नव्हता."

"नव्हता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जिन्यात त्यांच्या लेकीच्या चपलांचा आवाज येत होता.

"परत एकदा वाचा," मास्तर म्हणाले. "पाठ करून ठेवतो. घरी मला हे कुणी वाचून दाखवणार नाही."

मी परत वाचलं, त्यांना नीट पाठ व्हावं म्हणून सावकाश, एकही शब्द न गाळता.